पडद्यावरचा कोयता आणि मावळातला मुलगा

तरुण मुले वाट चुकू लागली की समाजाचे बोट सर्वप्रथम चित्रपटाकडे वळते. पुण्याच्या काही वस्त्यांत अल्पवयीन मुलांनी कोयते परजून दहशत माजविल्याच्या बातम्या २०२२ च्या अखेरीस वाढल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘कोयता गँग’ हा शब्द विधानसभेत उच्चारला गेला आणि शिक्षकांच्या खोलीपासून कचेरीतील मधल्या सुट्टीपर्यंत एकच निदान ऐकू येऊ लागले : ‘हे सारे सिनेमांनी केले!’ निदान सोपे आहे, आणि निदान करणाऱ्याला त्यातून कोणतीच जबाबदारी उचलावी लागत नाही. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. ते तपासण्याची निकड पुणे शहराइतकीच भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांनाही आहे. कारण ज्या वाटेने शेजारच्या मुळशीतील जमीन गेली आणि जमिनीमागोमाग काही घरांतील मुलगाही गेला, ती वाट आता या दोन तालुक्यांच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली आहे.

भोर-वेल्ह्यात टोळ्या माजल्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न आज काय घडले आहे एवढाच नाही. उद्या काय घडू द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना पडद्याला नेमका किती दोष द्यावा, याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

मोटारतळावरचा पडदा

हा वाद मराठी समाजाने प्रथम निर्माण केलेला नाही. अमेरिकेत ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन गावाजवळ पहिले ‘ड्राइव्ह-इन’ चित्रपटगृह उघडले. मोकळ्या माळावर उंच पडदा उभारावयाचा, समोर मोटारींच्या रांगा लावावयाच्या आणि प्रेक्षकांनी आपापल्या मोटारीत बसून खेळ पाहावयाचा, अशी ही योजना. १९५८ च्या सुमारास त्या देशात असे चार हजारांहून अधिक तळ होते. तोवर दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली होती आणि प्रौढ प्रेक्षक संध्याकाळी घरी बसू लागला होता. बाहेर पडणारा राहिला तो सोळा ते वीस वर्षांचा मुलगा व त्याच वयाची मुलगी. धंद्याची नजर त्यांच्यावर गेली नसती तरच नवल!

१९५५ साली मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या दोन चित्रपटांनी वाट दाखविली. ‘रिबेल विदाउट अ कॉज’ने खात्यापित्या घरातील एकाकी मुलगा दाखविला, तर ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ने बेबंद वर्गापुढे उभा असलेला शिक्षक दाखविला. दुसऱ्या चित्रपटाने अमेरिकेची इतकी अडचण केली की इटलीतील अमेरिकी राजदूतांच्या विरोधामुळे तो त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवातून काढून घ्यावा लागला. या दोन चित्रपटांच्या यशानंतर स्वस्त चित्रपटांची रांगच लागली. १९५४ मध्ये जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी सुरू केलेली, पुढे ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेली कंपनी या बाजारात अग्रेसर होती. नाव आणि भित्तिपत्रक आधी ठरवावयाचे, कथा मागाहून जुळवावयाची, आणि आठ-दहा दिवसांत चित्रीकरण उरकावयाचे, ही तिची ख्याती. टोळक्यातील मुले, चाकू, शर्यतीच्या मोटारी, रडणारी आई आणि शेवटी मृत्यू वा तुरुंग, असा साचा ठरून गेला होता. भित्तिपत्रकावर चाकू असे. उपदेश शेवटच्या पाच मिनिटांत असे. तिकीट कशावर खपत होते, हे सांगावयास नको.

अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने १९५५ मध्ये चित्रपटांची चौकशी केली. त्यापूर्वीच्या वर्षी तिने चित्रमालिकांच्या पुस्तकांची झडती घेतली होती. साक्षी झाल्या, संपादकीये लिहिली गेली, व्यवसायाने स्वतःवर काही बंधने घालून घेतली. पण चित्रपट पाहून मुले गुन्हेगार होतात की गुन्हेगारीच्या छायेत वाढणारी मुले असे चित्रपट पाहतात, याचा निकाल कोणालाही निर्विवाद लावता आला नाही. उलट, त्याच स्वस्त चित्रपटांच्या उकिरड्यातून काही माणके निघाली. जॅक निकल्सन हा नट १९५८ साली ‘द क्राय बेबी किलर’ या अशाच एका चित्रपटातून पडद्यावर आला. फ्रान्सिस कपोला आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांनीही उमेदवारीच्या काळात या कंपनीच्या छत्राखाली काम केले. स्वस्त चित्रपट म्हणजे टाकाऊ चित्रपट, हे समीकरण तेथेच खोटे ठरले होते.

याच काळात महाराष्ट्रातील एका कलावंताने गुन्हेगाराकडे पाहण्याची अगदी वेगळी दृष्टी दिली. १९५७ मध्ये, म्हणजे अमेरिकेत शाळकरी मुलाला लांडगा बनविणारा एक स्वस्त चित्रपट तुफान चालत होता त्याच वर्षी, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ प्रदर्शित झाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, तिचे बीज भोरसारख्याच दुसऱ्या एका दख्खनी संस्थानातील, औंधच्या, खुल्या तुरुंगाच्या प्रयोगातले. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक अधिकारी एवढीच सामग्री. शांतारामांनी गुन्हेगाराच्या हाती कुदळ दिली आणि त्याच्याकडून माळरान पिकवून घेतले. गुन्ह्याचे चित्रण केल्याने गुन्हा वाढतो, असे म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट विसरू नये. गुन्हेगाराकडे कोणत्या नजरेने पाहिले आहे, यावर सारे अवलंबून असते.

जत्रेतील तंबू

भोर-वेल्ह्याच्या मोटाररहित माळावर ‘ड्राइव्ह-इन’ निघणे शक्यच नव्हते. मुंबईत वांद्र्याला १९७० च्या दशकात असा एक तळ निघाला, काही वर्षे गाजला आणि बंद पडला. अलीकडे त्याच परिसरात श्रीमंती थाटात त्याचे पुनरुज्जीवनही झाले. ग्रामीण महाराष्ट्राचा मोकळ्या आकाशाखालचा चित्रपट मात्र निराळा होता. सुगी आटोपली, देवाच्या जत्रा सुरू झाल्या की ट्रकमध्ये प्रक्षेपक, कनाती आणि पडदा लादून फिरती चित्रगृहे गावोगाव हिंडत. कर्ण्यावरून आरोळी, थोडक्या पैशांचे तिकीट, जमिनीवर बसावयाची सोय आणि उत्तररात्रीपर्यंत खेळामागून खेळ, हे त्याचे स्वरूप. गजेंद्र अहिरे यांनी २०१३ मध्ये ‘टुरिंग टॉकीज’ या चित्रपटात हे जग रंगविले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटाने त्याच्या अखेरच्या घरघरीची नोंद केली आणि २०१६ च्या कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्या तंबूचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तेथेही मारधाडीचे आणि भुताखेतांचे चित्रपट लागत. तेथेही खलनायकाच्या संवादांवर शिट्ट्या पडत आणि दुसऱ्या दिवशी गुरे वळताना मुले त्या संवादांची नक्कल करीत. परंतु एक गोष्ट तंबूत आपोआप घडत असे. पोराच्या मागच्या रांगेत त्याची आई, चुलता, क्वचित गुरुजीही बसलेले असत. पडद्यावरील गुंडाला टाळी पडली तरी त्याच्या आईच्या रडण्याला हुंदकाही मिळे. मुख्य म्हणजे तिकीट काढलेला माणूस शेवटपर्यंत बसत असे. गुंडाचा उत्कर्ष पाहणाऱ्याला त्याचा अंतही पाहावा लागे. कथेचा हिशेब तेथे पुरा होत असे.

आज हा हिशेब पुरा होत नाही. पडदा तळहातावर आला आहे. मावळातल्या मुलाला संपूर्ण चित्रपट पाहावयाची गरज उरलेली नाही. त्यातील तीस सेकंदांचा तुकडा त्याच्याकडे आपण होऊन चालत येतो. त्या तुकड्यात गुंड जिपेतून उतरतो, मागे वीस पोरे असतात, पार्श्वसंगीत घुमते आणि समोरचा माणूस मान खाली घालतो. शेवटच्या प्रसंगातील प्रेत त्या तुकड्यात नसते. २०२३ च्या कायदेदुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयोगट पाडले. उद्देश चांगला आहे. पण प्रमाणपत्र अख्ख्या चित्रपटाला मिळते. त्यातून कापलेल्या तुकड्यावर कोणाचाच शिक्का नसतो. जुन्या काळच्या टीकाकारांना भीती होती ती चित्रपटाची. आजची भीती चित्रपटाच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याची आहे.

गिरणी गेली, जमीन गेली

वाट चुकलेल्या मराठी मुलांवरील गेल्या दीड दशकातील चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ २०१० साली आला. त्याचा आधार जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेले एक कुटुंब त्याच्या केंद्रस्थानी आहे. बापाची नोकरी जाते, घरातील मिळकत आटते आणि धाकटा मुलगा टोळीला मिळतो. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील बाप गिरणीत नाही, शेतात आहे. तो जमीन विकतो, आलेला पैसा सरतो, कुटुंब पुण्याच्या बाजारात हमालीला लागते आणि मुलगा, राहुल, शहरातील एका ‘भाई’च्या हाताखाली जातो. एक कथा मुंबईची, दुसरी पुण्याची; एक कापडाची, दुसरी मातीची. तरी दोन्हींचा सांगाडा एकच आहे. आधी बापाचा धंदा जातो, मग त्याचा घरातील शब्द जातो, आणि त्या रिकाम्या जागी भाई येऊन बसतो.

चित्रपट मुलाला भाईकडे नेतो असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. मुलगा भाईकडे जातो तेव्हा बाप आधीच हरलेला असतो. ज्या घरात बापाच्या कष्टाला किंमत आहे, त्या घरातील मुलगाही तोच चित्रपट पाहतो, तेच गाणे गुणगुणतो आणि सकाळी उठून कामाला किंवा कॉलेजला जातो.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. ‘मुळशी पॅटर्न’चा हेतू इशारा देण्याचा होता आणि त्याचा शेवटही नायकाच्या रक्तात भिजलेला आहे. परंतु त्यातील भाईगिरीचे एक गाणे वरातीत, जत्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत दणाणू लागले. इशारा विरला, ठेका उरला. विकलेल्या जमिनीकडे पाहत उभा राहिलेला बाप कोणाच्या मिरवणुकीत नाचला नाही! अमेरिकी भित्तिपत्रकावरील चाकूचीच ही मराठी आवृत्ती म्हणावी लागेल. दिग्दर्शकाला सांगावयाचे असते एक आणि विकले जाते दुसरे. आणि ते विकले जाणार हे व्यवसायाला ठाऊक असते. २०२१ मध्ये याच कथेची ‘अंतिम’ ही हिंदी आवृत्ती निघाली तेव्हा पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत मोठा तारा आला आणि मातीचा प्रश्न आणखी मागे सरला. जानेवारी २०२२ मध्ये जयंत पवारांच्याच कथेवर मांजरेकरांनी काढलेल्या चित्रपटात गिरणगावातील मुलांच्या क्रौर्याचे चित्रण इतके उघडे होते की झलक दिसताच तक्रारींचा पाऊस पडला. समाजाने त्या वादात दृश्यांवर चर्चा केली. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, यावर फारशी केली नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ या पार्श्वभूमीवर आठवावा लागतो. नागपूरच्या झोपडपट्टीतील चोऱ्यामाऱ्या करणारी मुले आणि त्यांना फुटबॉल देणारा एक शिक्षक अशी ती कथा. विजय बारसे या क्रीडाशिक्षकाच्या खऱ्या कार्यावर आधारलेली. तेथेही शिव्या आहेत, व्यसने आहेत, मारामारी आहे. पण कॅमेऱ्याची नजर मुलांना भीतीचा विषय करीत नाही आणि पूजेचाही करीत नाही. शांतारामांच्या कुदळीची जागा येथे चेंडूने घेतली आहे, इतकेच.

धरणांच्या उशाशी

आता भोर-वेल्ह्याकडे वळावे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, मोसे खोरे या नावांनी इतिहासात गाजलेला हा मुलूख. वेल्हे तालुक्याचे राजगड असे नामांतर करण्याचा निर्णयही शासनाने घेतला. पण नावाचा मान वाढला तरी पोटाचा प्रश्न सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या चौपन्न हजारांच्या आसपास होती. पुणे जिल्ह्यातील तो सर्वांत कमी वस्तीचा तालुका. भाताची खाचरे, वरकस जमीन, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, हे डोंगरावरच्या वाड्यांचे नित्याचे चित्र आहे.

आणि हे चित्र धरणांच्या उशाशी आहे! भाटघरचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरच्या उसाला जाते. नीरा-देवघरचे पाणी खंडाळा-फलटणकडे आहे. पानशेत आणि वरसगाव पुणे शहराची तहान भागवितात. गुंजवणीची वाट पुरंदरकडे आहे. या प्रत्येक जलाशयाखाली कोणाची तरी खाचरे आणि देवळे बुडाली आहेत. शेजारच्या मुळशीने १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या पिढीला जमीन जाणे म्हणजे काय हे पुरते उमगले होते. त्यानंतरच्या शंभर वर्षांत धरणाची जागा औद्योगिक वसाहतींनी, माहिती तंत्रज्ञानाच्या इमारतींनी, बंगल्यांच्या आखणीने घेतली. हिंजवडीने मुळशीचा कायापालट केला. आता सातारा महामार्गालगत नसरापूर परिसरात, चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि पानशेतच्या काठाने जमिनीच्या सौद्यांच्या पाट्या दिसतात. पुण्याभोवतीचा नियोजित वर्तुळाकार मार्गही भोर तालुक्यातील काही गावांच्या शिवाराला स्पर्श करणार आहे.

रस्ता नको, कारखाना नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. भोर-वेल्ह्याच्या अनेक पिढ्यांनी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत घाम गाळून घर चालविले. कामासाठी शंभर कोस जाण्यापेक्षा काम दहा कोसांवर आले तर कोणाला नको आहे? पण जमिनीबरोबर काम येत नाही, हा अनुभव आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर चार भावांची नावे असतात. एकरकमी पैसा येतो. त्यातून पक्के घर, लग्न, एक मोटार होते. आणि तीन-चार वर्षांत हाती काही उरत नाही. त्या जमिनीवर जे उभे राहते तेथे मालकाच्या मुलाला पहारेकऱ्याची नोकरी मिळते. शेतीचे कौशल्य निरुपयोगी झालेले आणि दुसरे कौशल्य कोणी दिलेले नाही, असा अठरा वर्षांचा मुलगा ‘एजंट’ म्हणून सौद्यांच्या मागे फिरू लागतो. सौद्यात वाद झाला की दमदाटीला माणसे लागतात. टोळी येथे जन्मते. तिचा जन्मदाखला चित्रपटगृहात शोधणे व्यर्थ आहे; तो खरेदीखतांच्या गठ्ठ्यात सापडेल.

या मुलाला प्रतिष्ठा कोण देते, हेही पाहिले पाहिजे. चौकातील फलकावर त्याच्या वाढदिवसाचे छायाचित्र झळकते आणि त्याच्या डोक्यावर निवडून आलेल्या पुढाऱ्याचे छायाचित्र असते. तलवारीने केक कापल्याबद्दल पोलीस एखाद्यावर गुन्हा दाखल करतात. परंतु त्या फलकावरील थोरांना कोणी जाब विचारीत नाही. निवडणूक आली की याच मुलांच्या मोटारसायकलींत पेट्रोल पडते. चित्रपटातील भाई काल्पनिक असतो. फलकावरचा ‘दादा’ खरा असतो आणि तो वजनदार माणसांबरोबर उभा असलेला दिसतो. मुलाच्या मनावर यांपैकी कोणाचा ठसा अधिक खोल उमटत असेल?

न्यायाचे दोन तराजू

अशा मुलांना कडक शिक्षा करा, अशी मागणी दर घटनेनंतर होते. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला असता, त्याच्या मानसिक परिपक्वतेची प्राथमिक तपासणी करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालविण्याची वाट मोकळी केली आहे. कायद्यात दात नाहीत असे नाही. प्रश्न आहे तो समाजाच्या मनातील तराजूचा. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा आरोप झाला, आणि जामीन देताना त्याला प्रथम तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले. लोकक्षोभानंतर तो आदेश बदलला. पण त्या मुलाने कोणता चित्रपट पाहिला होता, असा प्रश्न कोणीही विचारला नाही. तेथे चर्चा झाली ती पैशाची, पालकांची, यंत्रणेची. आणि ती योग्यच होती. मग झोपडीतील किंवा जमीन गमावलेल्या घरातील मुलाच्या बाबतीतच कारण पडद्यावर का शोधावे? श्रीमंताचा मुलगा चुकला की परिस्थिती तपासावयाची आणि गरिबाचा मुलगा चुकला की त्याची करमणूक तपासावयाची, हा न्याय नव्हे.

शिक्षकाने काय करावे, शासनाने काय करावे

चित्रपटांवर बंदी घालून प्रश्न सुटणार नाही, हे अमेरिकेच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून दिसते. आजच्या काळात तर बंदी हीच उत्तम जाहिरात ठरते. मग करावयाचे काय? पहिली गोष्ट शाळा-महाविद्यालयांच्या हातची आहे. मुलाच्या हाती तुकडा येतो, तर त्याला अख्खा चित्रपट दाखवावा. भोरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर पुण्यात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जगभरचे लोक तेथे चित्रपट कसा पाहावा हे शिकावयास येतात. त्या विद्येचा थोडा अंश कानद खोऱ्यातील विद्यालयात पोहोचविण्यास फार मोठा खर्च लागणार नाही. एक प्रक्षेपक, एक भिंत आणि खेळ संपल्यावर तासभर बोलावयास तयार असलेला एक शिक्षक पुरेल. लहानांना ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवावा, मोठ्यांना ‘झुंड’. महाविद्यालयातील तरुणांबरोबर ‘मुळशी पॅटर्न’ही निर्भयपणे पाहावा आणि विचारावे, की या कथेत मुलगा नेमका कोणत्या क्षणी हातचा गेला? त्याच्या बापाने जमीन विकली त्या दिवशी गाव काय करीत होते? अशा प्रश्नांपुढे तीस सेकंदांचा पराक्रम फार वेळ टिकत नाही. तंबूने जे नकळत केले ते शाळेला जाणीवपूर्वक करता येईल.

दुसरी गोष्ट गावाच्या हातची आहे. चौकातील फलकावर कोणाचे छायाचित्र लागावे हे ग्रामसभा ठरवू शकते. ज्या पुढाऱ्याला आपले छायाचित्र गुंडाच्या डोक्यावर शोभत नाही असे वाटते, त्याने ते जाहीरपणे उतरवावयास लावावे. एवढे एक पाऊल दहा व्याख्यानांपेक्षा अधिक बोलेल.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट शासनाची. ज्या घराची जमीन रस्त्यासाठी, धरणासाठी किंवा वसाहतीसाठी जाते, त्या घरातील मुलाचे शिक्षण आणि काम हा मोबदल्याचाच भाग मानला पाहिजे. पैसा एकदाच येतो. कौशल्य जन्मभर पुरते. राजगड-तोरण्यावर येणाऱ्या हजारो गिर्यारोहकांना वाटाडे लागतात, निवारा लागतो, अपघातात मदत करणारी पथके लागतात. भोरचा राजवाडा आणि आसपासचा निसर्ग चित्रपटवाल्यांना कायमच भुरळ घालीत आला आहे. चित्रीकरणासाठी गाड्यांचे तांडे येतात आणि परत जातात. त्या धंद्यातील सुतारकाम, वीजकाम, ध्वनीचे काम येथील मुलांना शिकविण्याची व्यवस्था झाली, तर ज्या पडद्याला बिघडविणारा म्हणून शिव्या दिल्या जातात तोच काहींना भाकरी देईल. मावळातला आंबेमोहोर शहरात चढ्या भावाने विकला जातो; त्या भावातला योग्य वाटा खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या कुटुंबाला मिळाला, तर जमीन विकण्याची घाईही कमी होईल.

या खोऱ्यांना तरुण रक्ताची ओळख नवी नाही. भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या पठारावर शिवाजी महाराजांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. तोरणा ताब्यात आला तेव्हा महाराजांनी विशी गाठलेली नव्हती. त्या वयात साहसाची भूक असतेच; ती आजच्याही मुलात आहे आणि तिला गुन्हा म्हणता येणार नाही. त्या काळी त्या भुकेपुढे वडीलधाऱ्यांनी एक मोठे काम ठेवले होते. आजच्या मावळातल्या मुलापुढे शासनाने, शाळेने आणि त्याच्या गावाने कोणते काम ठेवले आहे, याचे उत्तर द्यावयाचे राहिले आहे. ते देता येईपर्यंत चित्रपटाला दोष देण्याचा अधिकार मोठ्यांनी जरा जपून वापरावा.